हैतीत झाडं लावणारा माणूस निवडणुकीला का उभा राहिला?

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका डुकरापासून करतो.

हैती. कॅरिबियन समुद्रातला, क्युबाच्या शेजारचा देश. तिथल्या शेतकऱ्याच्या दारात एक काळं, बुटकं, काटक डुक्कर बांधलेलं असायचं. कोशोन क्रेयोल. सालं, उष्टं, मिळेल ते खाऊन जगायचं. पोराची शाळा, घरातलं लग्न, मयत, दवाखाना, काहीही निघालं की डुक्कर विकायचं. आपल्याकडे नड भागवायला शेळी विकतात, अगदी तसंच.

1978 च्या सुमारास तिथे आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा साथीचा रोग आला. रोग अमेरिकेत पोचेल या धास्तीने तिथल्या सरकारने पुढाकार घेतला आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला देशातली डुकरं संपवण्यात आली. बदली म्हणून अमेरिकी डुकरं आणली. त्यांना पक्का गोठा हवा, विकतचं खाद्य हवं. लोक त्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ म्हणायला लागले.

आता नड आली तर विकायचं काय? दारातलं झाड! तोडायचं, मातीखाली भट्टी लावायची, कोळशाची पोती शहरात पाठवायची. शहरातल्या चुली कोळशावरच पेटतात, त्यामुळे गिऱ्हाईक कायम. हैतीचे डोंगर उघडे पडले त्यामागे हे एकच कारण नाही, पण हे कारण कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

एंश शहराजवळ पापाय नावाचं गाव आहे. तिथे 1973 मध्ये, हुकूमशाही चालू असताना, शावान झां-बातिस्त या शेतीतज्ज्ञाने शेतकऱ्यांचे छोटे छोटे गट बांधायला घेतले. त्यातून मुव्हमान पेयिझान पापाय, म्हणजे पापायची शेतकरी चळवळ, ही संघटना उभी राहिली. तिने दोन कोटींहून जास्त झाडं लावली. शावान यांना 2005 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

मला सगळ्यात आवडते ती त्यांची टायरची बाग. जुना टायर कापून उलटा करायचा, परडीसारखा, आणि त्यात माती, खत, भाजीची रोपं. जमीन नसलेल्या बाईलाही अंगणात चार भाज्या निघतात, पाणीही कमी लागतं.

मग 2010 चा भूकंप झाला. मोन्सँटो कंपनीने 475 टन संकरित मका आणि भाजीपाल्याचं बियाणं देऊ केलं. शावान म्हणाले, हा नवा भूकंप आहे. दरवर्षी बियाणं विकत घ्यायची सवय लागली की शेतकरी कायमचा अडकतो, ही त्यांची भीती. जूनमध्ये एंशला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही भीती समजावून सांगावी लागणार नाही.

डुकरं मारायचा निर्णय, तांदळावरचं आयात शुल्क 3 टक्क्यांपर्यंत उतरवून बाहेरचा तांदूळ स्वस्त करायचा निर्णय, सगळे वरून आले. रोपं लावणारा माणूस कधीतरी त्या वरच्या खुर्चीकडे बघणारच. 2015 मध्ये शावान राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. उमेदवार पन्नासच्या वर! पहिल्या चारांत त्यांचं नाव आलं नाही.

पहिल्या नंबरवर होते जोव्हनेल मोईज. तेही शेतीतलेच, पण उद्योजक. वडील मेकॅनिक, आई शिवणकाम करणारी. केळीची बाग, पाण्याचा धंदा, सौर आणि पवनऊर्जेची कंपनी. त्यांच्या अ‍ॅग्रिट्रान्स कंपनीने निवडणुकीच्या तोंडावर युरोपात केळी पाठवली. टोपणनावच पडलं, नेग बनान. केळीवाला! गरीब घरातून वर आलेला माणूस लोकांना जवळचा वाटला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या केळीबागेच्या जमिनीवरून आधी कसणाऱ्यांना हटवलं, हा आरोपही तेव्हापासून होता. हा प्रश्न माझ्या मते प्रचारात खूप मोठ्याने विचारला जायला हवा होता.

गैरप्रकारांच्या आरोपांमुळे ते मतदान रद्द झालं. नोव्हेंबर 2016 मध्ये पुन्हा घेतलं, तेव्हा मोईज सुमारे 55 टक्के मतांनी जिंकले. मतदानाला आला होता पाचांतला जेमतेम एक. 2019 मध्ये सरकारी लेखापरीक्षकांच्या अहवालात रस्त्याच्या कामाच्या पैशांवरून अ‍ॅग्रिट्रान्सचं नाव आलं. मोईज यांनी आरोप फेटाळले, पण त्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरलेली गर्दी हटली नाही.

7 जुलै 2021 च्या पहाटे मोईज यांना त्यांच्या घरात घुसून गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं देशात निवडणूकच झाली नाही. राजधानीच्या बाजारात कोळशाची पोती मात्र येत राहिली.