चौथ्या पट्टीतला निळा

पडद्यावर हे पांढरे हातमोजे घालून कॅनव्हास दोन्ही कडांना धरून चाललेत ना, यांचं काम मूळ चित्राचे हुबेहूब प्रिंट काढणं, पण यांना लोक सरळ प्रिंटवाले म्हणतात. म्हणजे पेन ड्राइव्ह द्यायचा, बटण दाबायचं, कागद गुंडाळून घेऊन जायचा. आता मागच्या घड्याळाकडे लक्ष ठेवा, कारण बटण यायला अजून खूप वेळ आहे.

आधी कॅमेरा सरळ करायचा. चित्र जिथे लागणार तिथे एक छोटा आरसा चिकटवलाय आणि कॅमेऱ्यातून बघितलं की त्या आरशात लेन्सला स्वतःचंच तोंड दिसतं, ते बरोब्बर मधोमध आलं की कॅमेरा आणि भिंत समांतर. मग लाइट, दोन बाजूंना, साधारण 45 अंशात. चित्राच्या जागी कोरा पांढरा बोर्ड लावून एक फोटो काढतात म्हणजे कुठल्या कोपऱ्यात उजेड कमी पडतोय ते कळतं. त्यानंतर 24 चौकोनांचं रंगांचं कार्ड. आणि मग कुठे चित्र.

आता हा शॉट डोळे न मिटता बघा. तैलरंग आहे, वरून व्हार्निश, त्यामुळे काळ्या भागावर सगळीकडे पांढरी चकाकी आलीय. दोन्ही लाइटवर पोलरायझरची, म्हणजे चकाकी कापायला मदत करणारी फिल्म लावलेली आहे, लेन्सवर दुसरा पोलरायझर, आणि तो आता हळू... हळू फिरवला, की गेली. खालचा काळा खरा काळा दिसायला लागला. (आम्ही हे तीन वेळा शूट केलं, गरज एकदाच होती.) पण यात एक मेख आहे. चकाकी पूर्ण मारली की जाड रंगाचे उंचवटेपण मरतात, चित्र सपाट पोस्टरसारखं दिसतं, म्हणून इथे दोन फोटो घेतात, एक चकाकीसकट आणि एक शिवाय, आणि कॉम्प्युटरवर किती चकाकी परत आणायची ते डोळ्याने ठरवतात. याचं सेटिंग कुठल्याही मशीनवर नसतं.

फोटो तुकड्यातुकड्यांत का काढले असं विचाराल तर हिशोब सोपा आहे, 24 बाय 36 इंचाचा प्रिंट 300 पीपीआयला, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल धरून, 7200 गुणिले 10800, जवळजवळ पावणेआठ कोटी पिक्सेल, ते इथे एका फोटोत मावत नाहीत.

या प्रिंटला झिक्ले म्हणतात. शब्द 1991 चा, जॅक डुगान नावाच्या प्रिंटरने शोधलेला, फ्रेंचमध्ये गिक्ले नाही हं, झिक्ले, आणि मूळ क्रियापदाचा अर्थ फवारणं. त्याच्या आधी ग्रॅहम नॅश या गायक-फोटोग्राफरने आयरिस 3047 नावाचं मशीन विकत घेतलं होतं, 1 लाख 26 हजार डॉलरला, जे खरं तर छापखान्यात प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना काढायला बनवलेलं. ड्रमवर कागद गुंडाळायचा, ड्रम गरगर फिरणार आणि शाई उडणार. दिसायला सुंदर, पण शाई डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, तिचा रंग उजेडात उडून जायचा. आज इथे वापरतात ती पिगमेंटची शाई आहे, रंगाचे बारीक कण असलेली, ती खूप जास्त टिकते. नॅशचं ते आयरिस आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

कागदाचीपण गंमत बघा. दोन्ही पांढरेशुभ्र दिसतात. खोलीतला दिवा बंद, यूव्ही टॉर्च चालू, आणि डावीकडचा निळा चमकला! त्यात ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं घातलीत, म्हणजे तो पांढरेपणा उसना आहे, वर्षं गेली की तो ओसरतो आणि कागद पिवळट दिसायला लागतो. उजवीकडचा शंभर टक्के कापसाचा, ब्राइटनर नसलेला, अंधारात गप्प बसलाय. प्रिंट याच्यावर.

आता पट्ट्या. माझ्या मते हाच खरा धंदा, बाकी सगळी तयारी. चित्रकार ताई आणि प्रिंटर दादा 5000 केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली बसलेत, समोर मूळ चित्र आणि त्याच्यातल्याच भागाची छापलेली अरुंद पट्टी. अल्ट्रामरीन आहे, हा निळा छापताना जांभळ्याकडे झुकतो, सगळे प्रिंटवाले याने वैतागलेले असतात. पहिली पट्टी जांभळी. दुसरीत जांभळा गेला पण शेजारचा हिरवा बिघडला. तिसरी दोघांनाही आवडली, पण ओल्या शाईवर विश्वास ठेवायचा नाही असा दादांचा नियम, रात्रभर वाळू दिली आणि सकाळी ताई म्हणाल्या नाही हो, माझा निळा अजून थंड आहे. ही चौथी. ताईंचं बोट कुठे थांबलं ते बघा.

कोपऱ्यातला सोन्याचा वर्ख मात्र छापता येत नाही, तिथे पिवळट तपकिरीच येणार, हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलेलं.

आणि आता बटण. प्रिंटरचं शाई फवारणारं हेड इकडून तिकडे जातंय, एकेक थेंब काही पिकोलिटरचा, एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा लाख कोटीवा भाग. रोज सकाळी हेडची छिद्रं तुंबलीत का ते तपासणं, साफ करणं, हे आमच्या कॅमेऱ्यात आलेलं नाही.

25 चीच एडिशन, म्हणजे 25 च प्रती छापणार असं सांगून नंतर साइज बदलून पुन्हा छापणारे आहेत, प्रिंटवर दोन ब्रश मारून मूळ चित्र म्हणून विकणारेपण आहेत, आणि त्यात घेणारा फसतो आणि नाव या प्रिंटवाल्यांचं खराब होतं.

हा पास झालेला प्रिंट विकायचा नाही, तो दादांच्या ड्रॉवरमध्ये राहणार आणि पुढचे सगळे याच्याशी ताडून बघणार. त्याच्यानंतरचा हा पहिला. पेन्सिल, खाली डावीकडे, 1/25, म्हणजे 25 मधला पहिला.

ताई मूळ चित्र परत कापडात गुंडाळतायत. इथे निवेदन नाही, खोलीतला आवाज तसाच ठेवलाय.