भूल कशासाठी?

रात्रीचे दोन. ठाण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूबाहेर बसलेल्या मुलाने सगळ्या कागदांवर सह्या केल्यात. वडिलांचं यकृत आणि दोन्ही किडन्या द्यायच्या ठरल्यात. पेन परत देताना तो अडखळतो. "डॉक्टर, बाबांना भूल देणार म्हणालात. म्हणजे... दुखतंय त्यांना अजून?"

नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासून ते मेंदूमृत असल्याचं ठरवलंय. प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी कुणालाही त्या चौघांत बसता येत नाही. तपासणीतला सर्वांत अवघड भाग श्वासाचा. व्हेंटिलेटर काढतात, ऑक्सिजन चालू ठेवतात आणि उघड्या छातीकडे बघत उभे राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमीच्या वर, म्हणजे श्वास सुरू व्हायलाच हवा इतका गेला, तरी छाती हलली नाही.

मग भूल कशाला?

मेंदू गेला तरी पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काही काळ काम करत राहतो. चीर पडली की रक्तदाब उसळतो, कधी हातही उचलला जातो. पहिल्यांदा बघणारा हादरतोच. म्हणून स्नायू सैल करणारं औषध, आणि बऱ्याचदा थोडा भुलीचा वायू. तोही रक्तदाब आवरायला. आपल्याकडे 'भूल' या एकाच शब्दात झोप, वेदना आणि हालचाल सगळं कोंबलंय, घोळ होतो तो तिथे.

खरी कसरत वेगळीच. मेंदूचा ताबा सुटला की अंग गार पडतं, रक्तदाब ढासळतो, लघवी नळ सोडल्यासारखी होते. भूलतज्ज्ञ रक्तदाब आणि लघवी आवरणारं व्हॅसोप्रेसिन चालू ठेवतो, सलाइन मोजतो, गरम हवेचं पांघरूण घालतो. वरचा रक्तदाब शंभराच्या खाली जाऊ द्यायचा नाही. इथे चुकलं तर पलीकडच्या पेशंटला ते यकृत मिळणार नाही.

मग रक्त गोठू न देणारं हेपॅरिन. महाधमनीला चिमटा. बर्फासारखं थंड द्रावण आत जातं आणि भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर बंद करतो. एरवी तो टेबलापासून शेवटी हलतो, "काका, डोळे उघडा" म्हणून झाल्यावर. आज सर्जन वाकून काम करत असतानाच तो हातमोजे काढतो.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. यकृत घेऊन निघालेल्या गाडीसाठी सिग्नल पोलिसांनी मोकळे ठेवलेत. बर्फातलं यकृत साधारण आठ ते बारा तास टिकतं, त्यामुळे ठाणे-बेलापूर रस्त्यावर वाचलेली मिनिटंही मोलाची.

नवी मुंबईच्या ऑपरेशन थिएटरमध्ये दुसरा भूलतज्ज्ञ केव्हाच कामाला लागलाय. "यकृत चांगलं आहे," असा निरोप आल्यावरच जुनं काढायला घेतलं. आता काही काळ पेशंटच्या पोटात यकृतच नाही. स्नायू सैल करायला त्याने ॲट्राक्युरियम निवडलंय, कारण ते रक्तात आपोआप मोडतं. त्याचा निचरा करायला यकृत लागत नाही.

चिमटे सुटतात. नव्या यकृतातून थंड, पोटॅशियम भरलेलं रक्त थेट हृदयाकडे धावतं. मॉनिटरवरचा रक्तदाबाचा आकडा घसरतो : ९०, ७२, ५८. कॅल्शियम. ॲड्रेनलिन. सिरिंजा आधीच भरून, लेबलं लावून ओळीत मांडलेल्या. कुणी बोलत नाही.

६४. ८०.

सर्जन विचारतो, "पुढे जाऊ?" भूलतज्ज्ञ मॉनिटरवरून नजर न काढता म्हणतो, "दोन मिनिटं थांबा."