रोगाला औषधाची 'सवय' होते का?

(दृश्य : तासगाव तालुका. ऑक्टोबर छाटणीनंतरची द्राक्षबाग, पहाटेचे दव.)

छाटणीनंतर महिनाभरात बाग अशी पानांनी भरून येते. या दिवसांत दव पडलेल्या पहाटे बागायतदार आधी घडांकडे पाहत नाही. तो पान उलटून पाहतो. पानाच्या वरच्या बाजूस तेलाचा थेंब पसरावा तसा पिवळसर डाग आणि नेमका त्याच्याच पाठीमागे पांढरा, कापसासारखा थर दिसला, की केवडा, म्हणजे बागेतल्या रोजच्या भाषेत डाऊनी, आला असे समजायचे. मग फवारणी होते. चार दिवसांनी डाग वाढलेलेच दिसले, तर बांधावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "रोगाला औषधाची सवय झाली."

या वाक्यातील निरीक्षण खरे आहे. पूर्वी ज्या औषधाने केवडा थांबत असे, त्याने तो आता थांबत नाही, हे शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. 'सवय' या शब्दात मात्र नैसर्गिक निवडीविषयीचा सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट गैरसमज दडलेला आहे, आणि तो शाळेत उत्क्रांती शिकलेल्यांच्या बोलण्यातही तितकाच आढळतो.

सवय एका जिवाला, त्याच्या हयातीत होते. तिखट खाणाऱ्याला तिखटाची होते, तशी. केवड्याचे तसे नाही. हवामान दमट असेल तर आठवड्याभरात एकेका डागावर असंख्य बीजाणू, म्हणजे रोग पसरवणारे सूक्ष्म कण, तयार होतात. प्रत्येक बीजाणूसाठी जनुकांची नक्कल करावी लागते, आणि एवढ्या नकला होताना कुठे ना कुठे चूक राहतेच. स्ट्रॉबिल्युरिन गटातील औषधे या रोगकारकाच्या पेशीतील सायटोक्रोम बी नावाच्या एकाच प्रथिनाला चिकटून तिची ऊर्जानिर्मिती बंद पाडतात. त्या प्रथिनात 143 व्या जागेवर ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतील एक कडी) आले, तर औषध तिथे नीट चिकटू शकत नाही. अशी चूक झालेला एखादा बीजाणू फवारणीच्या आधीच बागेत असू शकतो. त्याला औषधाची चाहूलही लागलेली नसते. फवारणी होते, त्याचे सोबती मरतात आणि तो वाचतो. पुढच्या आठवड्यातील डाग त्याच्या वंशाचे असतात. यात एकाही बीजाणूने स्वतःला बदललेले नाही. बदलले ते बागेतील त्यांचे प्रमाण. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

सवय हेच कारण असते, तर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण केव्हाच निकामी व्हायला हवे होते. फ्रान्समधील बोर्डो परिसरात 1885 च्या सुमारास या मिश्रणाचा केवड्यावरील उपयोग पुढे आला, आणि ते आजही आपल्या बागांत फवारले जाते. मोरचुदातील तांबे रोगकारकाच्या अनेक प्रथिनांवर एकाच वेळी घाव घालते, म्हणून नकलेतील एका चुकीने त्यातून सुटका होत नाही. याउलट स्ट्रॉबिल्युरिन औषधे 1996 मध्ये बाजारात आली आणि युरोपातील द्राक्षबागांत काही वर्षांतच केवडा त्यांना दाद देईनासा झाला. सव्वाशेहून अधिक वर्षांत जी 'सवय' लागली नाही, ती चार-पाच वर्षांत कशी लागेल?

(दृश्य : प्रयोगशाळा. जिवाणूंच्या ठिपक्यांची काचेची बशी.)

बदल आधी की औषध आधी, हा प्रश्न जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने 1952 मध्ये मखमलीच्या एका तुकड्याने सोडवला. बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांवर त्यांनी मखमल हलकेच दाबली आणि तीच मखमल, शिक्का उमटवावा तशी, औषध घातलेल्या दुसऱ्या बशांवर टेकवली. प्रत्येक बशीत मोजकेच ठिपके वाढले आणि ते सर्व बशांत त्याच त्या जागी वाढले. मग मूळ बशीतील, औषध कधीही न पाहिलेले, त्या जागेवरचे जिवाणू तपासले, तेव्हा तेही औषधाला पुरून उरणारे निघाले. आम्हाला हा प्रयोग सांगताना आजही आनंद होतो, कारण कापडाच्या एका तुकड्यात सारा वाद मिटतो.

शब्दांचा हा कीस काढण्याचे कारण व्यवहारातले आहे. सवय झाली असे मानणारा माणूस त्याच औषधाची मात्रा वाढवतो. वर सांगितलेला बदल झालेल्या केवड्यावर वाढीव मात्रेचा काही उपयोग होत नाही. खर्च मात्र वाढतो आणि निर्यातीच्या मालात औषधाचा अंश राहण्याची भीतीही. निवड समजलेला माणूस वेगळ्या गटाचे औषध आलटून पालटून वापरतो, म्हणजे एकाच प्रकारच्या बीजाणूंना सतत मोकळे रान मिळत नाही.

(दृश्य : तालीम. लाल माती, सरावाची जोड.)

हिंदकेसरी मारुती माने यांच्या या जिल्ह्यात नैसर्गिक निवड म्हटले की 'बळी तो कान पिळी' ही म्हण सहज ओठांवर येते. ती येथे लागू पडत नाही. औषधातून वाचलेला बीजाणू इतरांपेक्षा बळकट नसतो. औषध थांबवले तर त्याच्या त्या बदलाचा त्याला काहीही लाभ नसतो. निवडीच्या हिशेबात ताकद मोजली जात नाही, मागे राहिलेली संतती मोजली जाते.

कानांवरून आठवले. या वस्तादांचे कान पाहा. वर्षानुवर्षे मातीत घासून आणि रगडून ते सुजून घट्ट झाले आहेत, त्यांच्या कडा आत मुडपल्या आहेत. आखाड्यात शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या नातवाचे कान मात्र पानासारखे मऊ आहेत. त्याला ते कान स्वतःच कमवावे लागतील. माणदेशात खिल्लार जनावरांना पिढ्यान्‌पिढ्या वेसण घातली जाते, तरी प्रत्येक वासरू नाक न टोचलेलेच जन्मते. ऑगस्ट वाइसमन यांनी 1880 च्या दशकात पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. जन्मलेल्या 901 पिल्लांपैकी एकाचीही शेपूट आखूड निघाली नाही. शरीराला हयातीत जे होते, ते अशा रीतीने पुढच्या पिढीत उतरत नाही.

आणखी एक समजूत 'रक्त मिसळते' या शब्दांत रुजलेली आहे. दोन रंग कालवले की ते पुन्हा वेगळे होत नाहीत. वारसा तसा असता, तर आजीचे घारे डोळे नातवात परत आले नसते. मेंडेल यांनी उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारी रोपे उंच आली आणि दुसऱ्या पिढीत 787 उंच व 277 बुटकी. बुटकेपणा विरघळला नव्हता. तो एक पिढी झाकलेला राहिला होता.

(दृश्य : पुन्हा बाग. खुंटावर कलम केलेली वेल.)

आता या वेलीकडे पाहू. तास-ए-गणेश हे वाण याच तालुक्यातील बोरगावात, थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणातील एका वेगळ्या निघालेल्या वेलीतून निवडले गेले. नकलेतील चूक येथे माणसाच्या उपयोगी पडली, आणि काडीकाडीने कलम करून तीच वेल हजारो एकरांवर पसरली. म्हणून या बागेतील प्रत्येक वेल तिच्या शेजारणीची हुबेहूब नक्कल आहे. निवड होण्यासाठी लागणारे वैविध्य वेलींमध्ये जवळजवळ उरलेले नाही. केवड्याच्या बीजाणूंमध्ये मात्र ते प्रत्येक हंगामात नव्याने तयार होते. उद्या पहाटेही बागायतदार पान उलटून पाहील.