शंभर कोटी टनांच्या पुढे

श्रोतेहो, नमस्कार. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १०४ कोटी ७५ लाख टन कोळसा निघाला. शंभर कोटींचा टप्पा आदल्या वर्षी अगदी थोडक्यात हुकला होता, तो या वर्षी पार झाला. आयातही २६ कोटी टनांवरून २४ कोटींवर उतरली.

आता आयात बंदच होणार, असं काहीजण बोलू लागलेत. मला ते पटत नाही. आपल्या बऱ्याचशा कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. वीज केंद्रं तो जाळतात, पण पोलादाच्या झोतभट्टीला कोकिंग कोळसा, म्हणजे ज्याचा कोक बनतो तो, लागतो. तो झारखंडात झरियाकडे सापडतो खरा, पण त्यातही राख फार. म्हणून ऑस्ट्रेलियाची जहाजं येतच राहणार.

उत्पादन वाढलं ते खुल्या खाणींमुळे. देशातला पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त कोळसा तिथूनच येतो. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) पट्ट्यात, म्हणजे विदर्भात घुग्घुस, वणी, उमरेडकडे राहणाऱ्यांना हे काय सांगायचं! कोळशावरचा माती-दगड, ज्याला तिकडे 'ओबी' म्हणतात, त्याचे डोंगर त्यांच्या शेताला लागून उभे आहेत.

२०२१ मध्ये वीज केंद्रांत चार-चार दिवसांचाच साठा उरला होता, तेव्हा सगळ्यांची झोप उडाली. २०२५ मध्ये उलटंच झालं. पाऊस मे महिन्यातच मुंबईत दाखल झाला, कूलर-एसी थंडावले, विजेची मागणी ओसरली आणि कोळसा साठू लागला. हा माल धान्यासारखा साठवून ठेवता येत नाही. हवा लागली की आतून तापतो, ढिगातून धूर निघतो, कधी पेटही घेतो. मग ढीग दाबायचे, पाणी मारत बसायचं. तोवर त्याचा कसही उतरतो.

पुढचं काय? २०३० पर्यंत दीडशे कोटी टनांचं लक्ष्य आहे. इकडे जून २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू, तेल सोडून इतर स्रोतांकडे गेला. अर्थात क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. सूर्य मावळला की भार पुन्हा कोळशावरच येतो. दुपारी संच मंद चालवा, सातच्या सुमारास जोर लावा, अशी कसरत चंद्रपूरसारख्या केंद्रांच्या वाट्याला वाढत जाणार. कोळसा लागेल, बरीच वर्षं लागेल. पण दरवर्षी आणखी पाच टक्के जास्त लागेलच, हे गृहीत धरून नवी खाण उघडणाऱ्याने आधी गिऱ्हाईक कोण ते विचारावं.