सशाला स्वेटर नको

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या निफाडकडे थंडी पडली की ती आधी द्राक्षबागेत कळते. पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटतात, धूर मांडवाखाली रेंगाळत राहतो, आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात आज पारा किती उतरला याची चौकशी चहाच्या टपरीवर सुरू होते. पारा पाच-सहा अंशांवर आला की माझा फोन वाजू लागतो. मी जनावरांची डॉक्टर. फोन गाईम्हशींचे असतातच, पण हल्ली त्यात सशांचेही असतात. "मॅडम, आमचा ससा कुडकुडतोय. नाक तर नुसतं थरथरतंय."

तर आधी नाकाचं सांगते. सशाचं नाक उन्हाळ्यातही हलतं. जागा असताना ते बहुतेक वेळ हलतच असतं, त्याचा थंडीशी काही संबंध नाही. दुसरी तक्रार कानांची. कान गार लागतात म्हणून लोक घाबरतात. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः कानांतून. थंडी पडली की तो कानांकडे जाणारं रक्त कमी करतो, म्हणून कान गार लागतात. ससा खातोय, पळतोय, हाक मारली की कान टवकारतोय, तर गार कानांची चिंता करू नका. कान गार आहेत, अंग ढिलं पडलंय आणि समोरच्या पाल्याला तोंड लावत नाही, असं झालं तर मात्र तो पेशंट.

आपण पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. आपल्या माळरानावर दिसतो तो वेगळा. तो बिळं करत नाही आणि त्याला पकडून पाळणं कायद्यानं गुन्हा आहे. पाळीव सशाला सगळ्यात सुखाचं वाटतं ते 15 ते 20 अंश तापमान. त्याखालची थंडी तो आपल्या दाट केसांवर बऱ्यापैकी निभावून नेतो. मी तर म्हणेन, निफाडच्या जानेवारीपेक्षा निफाडचा एप्रिल त्याच्या जिवावर जास्त उठतो.

मग थंडीत ससे आजारी का पडतात? मी स्वतः केलेली चूक सांगते, म्हणजे लक्षात राहील. नवी नवी प्रॅक्टिस होती. घरी दोन ससे होते. एका रात्री गारठा वाढला म्हणून मी पिंजऱ्यावर कांद्याच्या चाळीवरचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी घट्ट गुंडाळला आणि निवांत झोपले. सकाळी कागद उचलला तर आत पाणी सुटलेलं. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब, खालचं गवत ओलं, आणि मुताचा असा भपकारा की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ससे रात्रभर तेच हुंगत बसले होते. आठवड्याभरात एकाचं नाक वाहू लागलं. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून कडक झाले होते. ससा त्याच पायांनी नाक पुसतो ना. पुढे महिनाभर औषध द्यावं लागलं. जनावरांची डॉक्टर, आणि माझ्या घरी ही तऱ्हा!

म्हणजे थंडीपेक्षा ओल वाईट, वाऱ्याचा झोत वाईट आणि कोंडलेली हवा त्याहून वाईट. पिंजऱ्याच्या तीन बाजू गोणपाटानं झाका, चौथी उघडी ठेवा. आपल्याकडे हिवाळ्यात बोचरा वारा उत्तरेकडून येतो, म्हणून उघडी बाजू दक्षिणेला किंवा पूर्वेला ठेवा. पूर्वेला असली तर सकाळचं कोवळं ऊनही आत येईल. पिंजरा फरशीवर टेकवू नका, खाली विटा द्या. आणि आत एक खोकं ठेवा. फळांची लाकडी पेटी पालथी घालून दाराएवढं भोक पाडलं तरी चालतं. ससा आत अंग ताणून पडू शकेल एवढी पेटी मोठी असावी, पण त्याच्याच अंगाची ऊब आत राहील इतकी लहान. तेच त्याचं बीळ. आत कोरडा पेंढा किंवा वाळलेलं गवत भरपूर भरा. कापूस नको, गोधडीचा तुकडा नको. लाकडाचा बारीक भुसाही नको, तो नाकात जातो. ओलं झालेलं गवत रोज काढायचं, यात सवलत नाही.

आता स्वेटरचं. गेल्या हिवाळ्यात शाळेतला एक मुलगा ससा दप्तरात घालून घेऊन आला. सशाच्या अंगात घरी विणलेलं लाल स्वेटर. आजीनं मायेनं विणलेलं, त्यामुळे रागावताही येईना. सशानं त्याची एक बाही खाऊन टाकली होती आणि दोन दिवस त्याला लेंडी झाली नव्हती. सशाला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं, नाही तर तिथेच अडतं. तो वाचला, पण थोडक्यात.

आणि अंघोळ. कृपा करून सशाला अंघोळ घालू नका, आणि थंडीत तर नाहीच नाही. त्याचे केस इतके दाट असतात की मुळापर्यंत वाळायला तासन्‌तास लागतात, तोवर अंग गार पडतं. शिवाय पाण्यात धरल्याच्या भीतीनंच काही ससे दगावतात. बूड घाण झालं असेल तर तेवढंच ओल्या फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडं करा.

बल्ब लावू का, असंही विचारतात. कोंबडीच्या पिलांना लावतात तसा. मोठ्या सशाला त्याची गरज नसते, आणि वायर दिसली की ससा ती कुरतडणारच. शेकोटी किंवा चूल जवळ असेल तर धूर पिंजऱ्याकडे येत नाही ना, एवढं बघा. फारच गारठा असेल तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवा. नकोसं झालं तर दुसऱ्या कोपऱ्यात सरकायला त्याला जागा हवी.

आपल्या थंडीची आणखी एक गंमत आहे. पहाटे सहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस. रात्री टाकलेलं गोणपाट सकाळी नऊलाच काढा. दुपारपर्यंत तसंच राहिलं तर आत ससा शिजतो.

पण खरी ऊब पोटातून येते. सशाच्या आतड्यात चारा अखंड पुढे सरकत राहिला तरच तो तंदुरुस्त. म्हणून वाळलेलं गवत रात्रंदिवस समोर हवं. आपल्याकडे मारवेल मिळतं, ते उत्तम. ज्वारीच्या कडब्याची पानं चालतात. लसूणघासावर ससे तुटून पडतात, पण त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार, मोठ्या सशाला रोज दिला की मूत गढूळ होतं, खडे होतात. तो वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला द्या. हिवाळ्यात पालेभाज्या स्वस्त असतात. मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला द्या, पण दवानं भिजलेला किंवा फ्रिजमधून काढलेला तसाच टाकू नका. फडक्यावर पसरा, पाणी निथळू द्या. गाजर म्हणजे सशाचं जेवण, हे चित्रातलं ज्ञान. गाजरात साखर असते, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. गाजराचा पाला मात्र खुशाल द्या. भोगीच्या दिवशी घरातली लेकरं त्याला तीळ लावलेली बाजरीची भाकरी चारतात, तेवढी चुकवा.

पाणी गार असलं की ससे कमी पितात, मग कमी खातात, आणि दुखणं तिथून सुरू होतं. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी द्या.

रोज सकाळी लेंड्या बघा. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या, भरपूर असल्या तर सगळं ठीक. बारीक झाल्या, कमी झाल्या, तर सावध व्हा. बारा तास खाल्लं नाही आणि लेंडी नाही, तर उद्यावर टाकू नका, लगेच दवाखान्यात न्या. पहाटे तो मऊ, घोसासारख्या लेंड्या स्वतःच खातो. ते बघून त्याला मारू नका, तो त्याचा आहारच आहे. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नका. आपल्या लेकरांना सर्दीत देतात ते ॲमॉक्सिसिलिन पोटातून गेलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही मरतो. कानात खपल्या धरल्या, नाकावर पांढरी खरूज दिसली, तर डॉक्टरकडून इंजेक्शन घ्या. कुत्र्याचं गोचिडाचं औषध सशाला लावू नका.

शेवटचं, पिलांचं. दुकानदार 'जोडी' म्हणून देतो आणि एकतीस दिवसांत घरात पिलं होतात. अशीच एका जानेवारीत आमच्याकडे झाली. मादीनं छातीचे केस उपटून पेटीत गादी केली, त्यात सहा पिलं. केस नाहीत, डोळे मिटलेले, बोटाएवढी. आई दिवसातून एकदा-दोनदा, चार-पाच मिनिटंच पाजते आणि बाहेर निघून जाते. लोकांना वाटतं, हिनं टाकलं पिलांना, आणि ड्रॉपरनं गाईचं दूध पाजू लागतात. तसं करू नका, पोट गोल दिसत असेल तर ती पाजते आहे. एका पहाटे सहातलं एक पिलू पेटीबाहेर पडलेलं सापडलं, आईच्या स्तनाला धरूनच बाहेर ओढलं गेलं असणार. हातात घेतलं तर खड्यासारखं गार. मी ते मुठीत धरलं, शाल पांघरली आणि ओट्यावर बसून राहिले. अर्ध्या तासानं तळहातात काहीतरी वळवळलं. मग ते हळूच भावंडांच्या मधोमध सरकवलं, वर केसांची गादी ओढली, आणि चहा ठेवला.

नमस्कार.