टाइप-सी: आकार एक, क्षमता वेगळ्या

टाइप-सी हे फक्त जोडणीच्या आकाराचं नाव आहे. 24 पिनांचा हा आकार 2014 साली ठरला. त्यातून डेटा किती वेगानं जाणार आणि वीज किती मिळणार, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि खाच बघून दोन्हींचं उत्तर मिळत नाही.

आधी डेटा. मोबाईलच्या खोक्यातली केबल घ्या. तिच्यातून 60 वॅट वीज आरामात जाते, पण डेटासाठी तिच्यात बहुतेकदा यूएसबी 2.0च्याच तारा असतात. म्हणजे वेग 480 मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला 35 ते 40 मेगाबाइट. लग्नाचं 50 गीगाबाइट शूटिंग एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) टाकायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेच दोन्हीकडे 10 गीगाबिटचा पोर्ट आणि तशीच केबल असली, तर चांगल्या एसएसडीवर मिनिटभरात उरकतं. लोक मात्र एसएसडी बदलून आणतात! लिनक्सवर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा 'टी' पर्याय लावून (lsusb -t) चालवा. एसएसडीच्या ओळीत 480 दिसलं की आधी केबल बदला, मग बाकीचं बघा. यूएसबी 4ची पहिली आवृत्ती आणि टाइप-सी आकारच वापरणारं थंडरबोल्ट 4 हे 40 गीगाबिटपर्यंत जातात, पण सिग्नल वाढवणारी चिप नसलेल्या साध्या केबलमध्ये तो वेग जेमतेम 80 सेंटिमीटरपर्यंतच टिकतो.

आता वीज. यूएसबी 2.0चा पोर्ट 5 व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, 3.0चा 0.9. फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्डडिस्क जुन्या पोर्टवर नुसती टकटक करत बसते, ती यामुळेच. टाइप-सीवर 5 व्होल्टलाच 3 अँपिअर, म्हणजे 15 वॅट मिळू शकतात. त्यापुढे पॉवर डिलिव्हरी लागते: चार्जर आणि उपकरण आपसात बोलून 9, 15 किंवा 20 व्होल्ट ठरवतात. व्होल्ट का वाढवायचे? केबलचा रोध पाव ओम धरा. 3 अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. पाचातून पाऊण गेला तर उपकरण कुरकुरतं, विसातून गेला तर त्याला जाणवतही नाही.

3 अँपिअरच्या वर जायचं तर केबलमध्ये ओळख सांगणारी चिप हवी. ती नसेल तर 100 वॅटचा चार्जरही 20 गुणिले 3, म्हणजे 60 वॅटवर थांबतो. पॉवर डिलिव्हरीच्या 2021च्या सुधारणेनं कमाल मर्यादा 48 व्होल्ट, 5 अँपिअर म्हणजे 240 वॅटपर्यंत नेली, तिथेही केबल त्याच ताकदीची लागते.

एक बिघाड मात्र नीट समजून घ्या. काही स्वस्त दिवे, ट्रिमर जुन्या चौकोनी पोर्टच्या केबलवर चार्ज होतात, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर ढिम्म! जुन्या पोर्टवर 5 व्होल्ट कायम हजर असतात. टाइप-सी पोर्ट मात्र समोरच्या सीसी पिनवर (समोर काय जोडलंय ते ओळखायच्या पिनवर) 5.1 किलोओमचा रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडतच नाही. दोन सीसी पिनांना दोन स्वतंत्र रेझिस्टर लागतात. ते पैशांत मिळतात, तरी गाळले जातात. रास्पबेरी पाय 4 या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाच्या पहिल्या बोर्डांवर दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता. साध्या केबलवर बोर्ड चालायचा. चिपवाली महागडी केबल लावली की चार्जरला तो हेडफोनचा अडॅप्टर वाटायचा आणि वीज मिळायची नाही. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तुमच्याकडे असं उपकरण असेल, तर चौकोनी तोंडाची एक जुनी केबल आणि तसाच चार्जर जपून ठेवा.