ताप उतरलेला पेशंट कुठल्या रंगात?

[दृश्य: पावसाळी संध्याकाळ, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलची कॅज्युअल्टी]

सायन-पनवेल महामार्गावर घसरलेला दुचाकीस्वार, तुर्भ्याच्या एमआयडीसीतून हात भाजून आलेला कामगार, आणि तापाच्या पेशंटची तर रांगच. डॉक्टरांनी तपासण्याआधी ट्रायाजच्या, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवणाऱ्या, सिस्टर रंग ठरवतात: लाल (लगेच), पिवळा (लवकर) की हिरवा (थांबू शकतो). हातात दोन-चार मिनिटं.

धाप लागून निळा पडलेला माणूस कुणालाही ओळखता येतो. गफलत होते ती कोपऱ्यात गप्प बसलेल्या पेशंटच्या बाबतीत.

[दृश्य: बीपीच्या यंत्रावरचे आकडे]

डेंग्यूचंच बघा. आजाराचा पाचवा दिवस. बायको सांगते, "सिस्टर, ताप गेलाय, आता नुसतं पोट दुखतंय आणि उलट्या होतायत." थर्मामीटर तिच्याच बाजूनं बोलतो. पण रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, झिरपायला लागतो तो बहुतेकदा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. बीपी 100/82. वरचा 100 पाहून हायसं वाटतं. बघायचं असतं ते दोन आकड्यांमधलं अंतर. इथे ते 18 आहे. अंतर 20 किंवा त्याहून कमी, हातपाय गार, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला 2 सेकंदांहून जास्त वेळ: हा शॉक आहे, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडतोय. थेट लाल.

श्वासाची गोष्ट आणखी वेगळी. सगळ्याच केसपेपरांवर मिनिटाला 18 किंवा 20 श्वास लिहिलेले दिसले, तर तो आकडा अंदाजानं टाकलाय असं खुशाल समजावं. नाडी धरलेला हात तसाच ठेवून नजर छातीकडे न्यायची, 30 सेकंद श्वास मोजून संख्या दुप्पट करायची. लय बिघडलेली असेल तर पूर्ण मिनिट. "श्वास मोजतेय" असं सांगितलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून सांगायचं नाही. ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवताना बोट गार नाही ना, नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश नाही ना, तेही पाहायचं.

साठीतले मधुमेही काका "गॅस झालाय" म्हणतात आणि घामानं शर्ट ओला असतो, तेव्हा तो हार्ट अटॅकही असू शकतो; 10 मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवलेला हवा. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडी 80 दिसली म्हणून निर्धास्त राहू नये.

मग सगळ्यांनाच लाल का करू नये? लाल कक्षातल्या खाटा भरतात आणि खरा लाल स्ट्रेचरवर थांबतो. मोठ्यानं भांडणाऱ्या नातेवाइकांमुळेही रंग चढतो, हे कुणी कागदावर लिहीत नाही.

[दृश्य: केसपेपरांचा गठ्ठा]

अचूकता तपासायला हिरव्यातून आयसीयूत गेलेल्यांचे कागद काढतात. तिथे निकाल बाजूला ठेवून, दारातल्या त्या क्षणी काय दिसत होतं तेवढंच पाहायला हवं. 4 वाजता नाडी 84, श्वास 16, बीपी 124/80. रंग बरोबरच होता. 6 वाजता नाडी 124. मधल्या दोन तासांत फेरतपासणीचा रकाना कोरा.